पोपट घास भरवतो की ओकतो?

माणसांच्या दवाखान्यात पोपटाची चौकशी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. रक्तदाब तपासून होतो, चिठ्ठी लिहून होते आणि खुर्चीवरून उठता उठता रुग्ण हळूच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? आमचा पक्षी खाल्लेलं सगळं बाहेर काढतो. लहान मुलांचं उलटीचं औषध आहे घरात, त्यातले दोन थेंब दिले तर चालतील का?"

तालुक्याच्या गावी गाई-म्हशींचे डॉक्टर मिळतात, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे जाणकार मिळणे अवघड. त्यामुळे लोक हाताशी असलेल्या डॉक्टरला विचारतात, यात त्यांचे काही चुकत नाही. मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगतो. पण एका पशुवैद्य स्नेह्यांशी झालेल्या चर्चेतून, वाचनातून आणि अशा घरांतून जे पाहिले त्यातून एक गोष्ट पक्की समजली आहे. पक्षी तोंडातून अन्न बाहेर काढतो त्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक असतो प्रेमाचा आणि दुसरा असतो आजाराचा. घरच्या माणसाने नीट लक्ष दिले तर बहुतेक वेळा त्याला हा फरक ओळखता येतो. तो ओळखता आला नाही तर मात्र धडधाकट पक्षी उपाशी राहतो, किंवा आजारी पक्षी उपचारावाचून जातो.

बाळाची गुळणी आठवा

घरात तान्हे बाळ असलेल्या आयाबायांना हा फरक लवकर कळेल. पोटभर दूध पिऊन झाले की बाळ खांद्यावर असतानाच घोटभर दूध बाहेर टाकते. त्याला आपण गुळणी म्हणतो. बाळ हसत असते, पुन्हा प्यायला मागते, वजनही वाढत असते. आजी म्हणते, "जास्तीचं झालं, काढून टाकलं." उलटी वेगळी. तिच्यात पोट जोराने आवळले जाते, बाळ कासावीस होते, रडते, मलूल पडते.

पक्ष्यातही असाच भेद आहे. पण एक मोठा फरक लक्षात ठेवायला हवा. बाळाची गुळणी आपोआप होते. पक्षी मात्र घास मुद्दाम वर काढतो, तोही बहुतेक वेळा कोणाला तरी भरवण्यासाठी.

पक्ष्याच्या पोटाची रचना

पक्ष्याला दात नसतात. पोपट चोचीने दाणा सोलतो, फोडतो आणि गिळतो. गिळलेले अन्न लगेच पोटात जात नाही. मानेच्या तळाशी, छातीच्या वरच्या भागात, किंचित उजवीकडे एक पिशवी असते. तिला अन्नपुट म्हणतात. तिथे अन्न साठते, भिजते, मऊ होते. तिथून ते थोडेथोडे पुढे जठरात जाते, तिथे पाचकरस मिसळतो. त्यानंतर येते पेषणी. कोंबडी साफ करताना जो जाड, घट्ट मांसाचा गोळा निघतो आणि ज्यात कधी कधी खडे सापडतात, तीच ही पेषणी. दातांचे दळण्याचे काम ती करते. मग पुढे आतडी.

आता फरक सोपा होतो. घास काढताना पक्षी अन्नपुटातले, म्हणजे अजून न पचलेले अन्न वर आणतो. ते ओले, मऊ, पण ओळखू येईल असे असते. दाण्याचा दाणा दिसतो, वासही विशेष नसतो. ओकताना अन्न त्याच्याही खालून, जठरातून येते. ते पातळ, चिकट, अर्धवट पचलेले असते आणि त्याला बहुधा आंबूस वास असतो.

घास काढणे, म्हणजे भरवणे

हिवाळ्याच्या अखेरीस एखाद्या जुन्या वडाच्या ढोलीजवळ किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीवर रानपोपटांची जोडी पाहा. नर मादीजवळ सरकत येतो, मान वरखाली करतो आणि चोचीत चोच घालून तिला घास भरवतो. पुढे मादी अंडी उबवत बसते तेव्हाही तिला असेच खायला आणून देतो. पिल्ले निघाली की त्यांनाही आईबाप असेच वाढवतात. आपल्याकडे नव्या जोडप्याने एकमेकांना घास भरवायची रीत आहे, पोपटांची रीत त्याहून फार वेगळी नाही.

पिंजऱ्यात एकट्या राहणाऱ्या पक्ष्याला जोडीदार नसतो. मग तो घरातल्याच कोणाला तरी जोडीदार मानतो. कधी मालकाचे बोट, कधी कान, कधी पिंजऱ्यातली घंटा. आरसा टांगलेला असेल तर त्यातल्या प्रतिबिंबाला तो दिवसातून दहा वेळा भरवतो. काच खरकटी झालेली दिसते आणि घरातली मंडळी घाबरतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे कॉकटेल जातीचा पक्षी होता. रोज संध्याकाळी गुरुजी वर्तमानपत्र वाचायला बसले की तो खांद्यावर येई, मान चारपाच वेळा वरखाली करी आणि त्यांच्या अंगठ्याच्या नखावर भिजलेले दाणे काढून ठेवी. घरात सर्वांनी ठरवले की पक्ष्याला अजीर्ण झाले. माणसाला उलटी झाली की लंघन, तसे पक्ष्यालाही लंघन. दीड दिवस त्याची वाटी रिकामी ठेवली. गुरुजींनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "गुरुजी, आधी घरी जाऊन त्याला दाणे घाला. तो तुम्हाला जेवू घालतोय आणि तुम्ही त्यालाच उपाशी ठेवलंय."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. साठसत्तर किलोच्या माणसाला एक दिवसाचा उपास सोसतो. शंभर ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात साठा तो किती असणार? लहान पक्षी एक संपूर्ण दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकते. म्हणून पक्ष्याला लंघन कधीही घालू नये, तो निरोगी असो वा आजारी.

ओकणे कसे दिसते?

ओकणारा पक्षी कोणाला भरवत नसतो. त्याच्या हालचालीत हेतू दिसत नाही, त्रास दिसतो. तो मान वरखाली करण्याऐवजी डोके जोरजोराने दोन्ही बाजूंना झटकतो. त्यामुळे अन्न एका जागी न पडता गजांवर, भिंतीवर, पाण्याच्या वाटीवर शिंतोड्यांसारखे उडते. काही भाग त्याच्याच डोक्यावर आणि गालांवर चिकटतो. डोक्यावरची पिसे ओली, चिकट, सुकल्यावर काट्यासारखी उभी राहिलेली दिसली की घरातल्या कोणी प्रत्यक्ष ओकताना पाहिले नसले तरी संशय घ्यावा.

नंतरचे वागणेही पाहावे. घास काढणारा पक्षी तरतरीत असतो, बडबडतो, कधी काढलेला घास पुन्हा स्वतःच खातो. ओकलेला पक्षी पिसे फुगवून बसतो, दिवसा डोळे मिटतो, दांडीवरून खाली उतरून पिंजऱ्याच्या तळाशी येतो. नेहमीचे बोलणे बंद होते.

पक्षी आजार लपवतो, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. रानात जो अशक्त दिसतो त्याला ससाणा आधी उचलतो. म्हणून अंगात शक्ती आहे तोवर पक्षी ठणठणीत असल्याचे भासवतो. पिंजऱ्यातही ही उपजत खोड जात नाही. तो फुगून तळाशी बसलेला दिसतो तेव्हा आजार कालचा नसतो, बऱ्याच दिवसांचा असतो.

एका घरी बजरीगर पक्ष्यांची जोडी होती. आपल्या बाजारात या पक्ष्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात. जाळी आणून नवा मोठा पिंजरा करून घेतला होता. पुढे नर अन्न बाहेर काढू लागला. मादी शेजारीच असल्याने "तिला भरवत असेल" असे सर्वांनी धरले आणि आठवडा तसाच गेला. शिंतोडे भिंतीवर उडत होते, डोक्याची पिसे चिकटली होती, पण तिकडे कोणी पाहिले नाही. आठव्या दिवशी सकाळी तो तळाशी मेलेला आढळला. पशुवैद्यांनी संशय घेतला तो नव्या जाळीवरच्या जस्ताच्या मुलाम्यावर. मादीला त्या पिंजऱ्यातून लगेच काढले, ती वाचली.

मधला प्रकार

दोनच कप्पे करून चालणार नाही. काही वेळा अन्न अन्नपुटातूनच येते, न पचलेले असते, तरीही कारण आजाराचे असते. अन्नपुटात बुरशी किंवा अतिसूक्ष्म परजीवी वाढले, तिथे दोरा अडकला, अन्न साचून आंबले, तर पक्षी ते वर काढत राहतो. बजरीगर पक्ष्याला वर्षानुवर्षे नुसती राळ आणि तसलेच कोरडे दाणे घातले तर आयोडीन कमी पडते आणि माणसाला होतो तसा गलगंड होतो. ती वाढलेली गाठ अन्ननलिकेवर दाब देते, म्हणून घास उलट येतो. श्वासाबरोबर बारीक चिरका आवाजही येऊ लागतो.

म्हणून केवळ "दाणे अख्खे आहेत, म्हणजे प्रेमच" असा निष्कर्ष काढू नये. समोर भरवायला कोणी नसताना, कसलीही मान न हलवता, दाणे सहज तोंडातून गळत असतील तर तेही दाखवण्यासारखे लक्षण आहे.

स्वतःला विचारायचे सहा प्रश्न

१) समोर कोणी आहे का? माणूस, जोडीदार, आरसा, घंटा यांच्याकडे तोंड करून काढत असेल तर बहुधा भरवणे. कोठेही, केव्हाही, कोणी नसताना होत असेल तर आजाराचा संशय.

२) मान कशी हलते? वरखाली, लयीत, तर भरवणे. दोन्ही बाजूंना झटके, तर ओकणे.

३) अन्न कोठे पडले? एका जागी नीट ठेवल्यासारखे, की सगळीकडे शिंतोडे?

४) डोक्याची पिसे कोरडी आहेत की चिकट?

५) विष्ठा कशी आहे? निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग दिसतात. हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा चुन्यासारखा भाग आणि थोडे पाणी. विष्ठा फार पातळ झाली, गर्द हिरवी किंवा रक्तमिश्रित झाली, किंवा तिच्यात अख्खे दाणे दिसू लागले तर गोष्ट गंभीर आहे.

६) वजन घटते आहे का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पिसांमुळे पक्षी गुबगुबीत दिसतो, आतून हाडाला लागलेला असतो. स्वयंपाकघरात वापरतात तो ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्यापूर्वी, वजन करून दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा घटला तर थांबू नये. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात हा हिस्सा अवघा साडेतीन ग्रॅम भरतो. डोळ्यांना तो दिसत नाही, काट्याला दिसतो.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे भरवण्याकडे झुकली, विष्ठा चांगली असली आणि वजन टिकून असले तर निर्धास्त राहावे. यांतले एक जरी उत्तर खटकले तरी पक्षी दाखवावा.

ओकण्याची कारणे

जंतू, बुरशी, परजीवी, विषाणू यांमुळे होणारे पोटाचे आजार, यकृत आणि मूत्रपिंडाचे विकार, नासलेले अन्न, घाणेरडे पाणी ही नेहमीची कारणे. प्रवासात हेलकाव्यांनीही काही पक्षी ओकतात, पण प्रवास संपला की ते थांबते.

धातूंचे विष हे कारण आपल्या घरांत विशेष लक्षात ठेवावे. पोपटाची जात सगळे चावून पाहणारी. जस्ताचा मुलामा दिलेली तार, शिशाचा जुना रंग, डाख दिलेले सांधे, मासेमारीच्या गळाचे शिसे, अशा वस्तू तो कुरतडतो. विष पोटात गेले की ओकणे, अशक्तपणा, पातळ विष्ठा, तोल जाणे, झटके येणे अशी लक्षणे दिसतात. यावर उपचार आहे, पण वेळेत पोचले तर.

खाण्यापैकी चॉकलेट, चहा, कॉफी, मद्य आणि हल्ली शहरी बाजारात मिळणारे अवोकॅडो फळ पोपटाला विषासमान आहे. चहात बुडवलेले बिस्किट प्रेमाने देणारी घरे मी पाहिली आहेत. ते बंद करावे. खारे शेंगदाणे, फरसाण, लोणचेही नको. घरट्यातून पडलेल्या पिल्लाला दूध-पोळी घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पक्षी सस्तन प्राणी नव्हे, त्याला दुधातली साखर पचत नाही.

आणि मिरची? "काल हिरवी मिरची जास्त खाल्ली, म्हणून ओकला," असे हमखास ऐकायला मिळते. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे आपल्याला झोंबतो, ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवतच नाही. म्हणून पोपट मिरची मिटक्या मारत खातो. ओकण्याचा दोष मिरचीवर टाकून खरे कारण शोधायचे राहू नये.

डॉक्टरकडे नेईपर्यंत काय करावे?

पक्षी ओकतो आहे असे वाटले तर त्याला इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवा. ऊब द्या. पिंजरा तीन बाजूंनी चादरीने झाका आणि एका कडेला, बाहेरून, चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावा. चादर बल्बला टेकू देऊ नका. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. तसा बल्ब नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवा. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे उकडले तर पक्षी दुसरीकडे सरकेल. तो चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर ऊब जास्त झाली असे समजावे.

तळाशी पांढरा कागद घाला. त्यावर पडलेली ओकारी आणि विष्ठा डॉक्टरांना दाखवा. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर पक्षी हमखास शहाण्यासारखा बसतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही, अशा वेळी ते चित्रण कामी येते. पिंजरा नवा आहे का, काय कुरतडले, आहार काय, घरात नवा पक्षी आला का, हेही सांगा.

आता काय करू नये ते. माणसाचे औषध देऊ नका. दहा किलोच्या मुलाला जो डोस, त्याचा वजनाच्या हिशेबाने पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याला सुमारे दोनशे पंच्याऐंशीवा भाग लागेल. एका थेंबाचे इतके भाग कोणी करू शकत नाही. शिवाय माणसाला चालणारे प्रत्येक औषध पक्ष्याला चालतेच असे नाही. चोच जबरदस्तीने उघडून पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, पाणी सरळ फुप्फुसात जाते. त्याला उलटा धरून पोट दाबण्याचा उपाय तर जीवघेणा आहे. पाण्याची वाटी आणि नेहमीचे दाणे समोर असू द्यावेत, त्याला वाटेल तसे तो घेईल.

प्रथम जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. जाणकार कोठे आहेत हे तेथील डॉक्टर सांगतात. मुंबईत परळ येथे, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. ओकणे एक दिवसात थांबले नाही, किंवा पक्षी खाली बसला, खाईनासा झाला, तर त्याच दिवशी नेलेले बरे.

भरवण्याची सवय फार वाढली तर

भरवणे आजार नसला तरी ते अति झाले तर पक्षी कृश होतो, चिडका होतो, मादी असेल तर जोडीदार नसतानाही पुन्हा पुन्हा अंडी घालून अशक्त होते. त्याला रागावू नये, त्याला त्यातले काही कळत नाही. आरसा आणि ज्या वस्तूला तो भरवतो ती वस्तू काढून टाकावी. लाड करताना फक्त डोके आणि मान खाजवावी. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवला की पक्षी त्याचा जोडीदाराचा अर्थ घेतो. मान वरखाली करू लागला की शांतपणे त्याला दांडीवर ठेवून बाजूला व्हावे. पिंजऱ्यात खोपा किंवा अंधारा डबा ठेवू नये. आणि रात्री दहा ते बारा तास त्याला अंधार व शांतता मिळू द्यावी. दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच चालू असेल तर पक्ष्याच्या लेखी दिवस लांबलेलाच असतो, आणि लांब दिवस म्हणजे विणीचा हंगाम.

आपल्या तोंडातला घास पक्ष्याच्या चोचीत देण्याची हौसही सोडावी. आपल्या तोंडातले जंतू त्याला बाधतात आणि त्याचे आपल्याला.

घरातल्या माणसांसाठी

हे शेवटचे माझ्या खात्यातले. पोपटांपासून माणसाला होणारा एक ज्वर आहे, त्याचे नाव सिटॅकोसिस. ग्रीक भाषेत पोपटाला असलेल्या शब्दावरून ते पडले. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांबरोबर हा आजार अमेरिकेत आणि युरोपात पसरला, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे गेले. त्याचे जंतू पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून आपल्या श्वासात जातात. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो, पुढे न्यूमोनिया होऊ शकतो.

हा आजार क्वचित दिसतो, घाबरून पक्षी घराबाहेर काढण्याचे कारण नाही. पण त्याला नेहमीची पेनिसिलीनच्या गटातली औषधे लागू पडत नाहीत, डॉक्सिसायक्लिनसारखी वेगळी लागतात. ती वेळेवर मिळाली तर रुग्ण बरा होतो. मात्र डॉक्टरला हा विचार सुचायला हवा, आणि तो सुचण्यासाठी घरात पक्षी आहे हे त्याला कळायला हवे. ताप उतरत नाही, खोकला आहे, आणि घरातला पक्षी आजारी होता किंवा नुकताच मेला, तर हे न विचारता सांगावे. रुग्ण "काय खाल्लं" ते सविस्तर सांगतात, पक्ष्याविषयी कोणी बोलत नाही.

पिंजऱ्याचा तळ कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, मग कागद गुंडाळून काढावा. तोंडाला पट्टी बांधावी, नंतर साबणाने हात धुवावेत. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. आजारी पक्ष्याची स्वच्छता गरोदर बाईने किंवा घरातल्या वृद्धांनी करू नये.

कायद्याविषयी दोन शब्द

आपला हिरवा, गळ्यात गुलाबी कंठ असलेला रानपोपट पकडणे, विकणे आणि पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. बजरीगर, कॉकटेल हे परदेशी वंशाचे, पिंजऱ्यातच वाढवलेले पक्षी पाळता येतात. इतर काही परदेशी जातींची नोंद वनखात्याकडे करावी लागते, तेव्हा घेण्यापूर्वी चौकशी करावी. आधीपासून घरात रानपोपट असेल आणि तो आजारी असेल तर भीतीपोटी उपचार टाळू नयेत. वनखात्याशी बोलून मार्ग काढावा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. पिंजऱ्याजवळ पाच मिनिटे बसा. पक्ष्याच्या डोक्याची पिसे पाहा, खालचा कागद पाहा, आणि वजन करून आजच्या तारखेवर लिहून ठेवा. उद्या त्याने खाल्लेले बाहेर काढले तर तुलना करायला तो आकडा हाताशी असेल.